नक्षत्राच्या फोटोत जमीन हवी

नक्षत्रांच्या फोटोंविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. दिवाळी झाली, आकाश निवळलं की नात्यातली आणि ओळखीची मंडळी फोनवर आकाशाचे फोटो पाठवायला लागतात. त्यातले निम्मे कुठून तरी आलेले आणि पुढे ढकललेले. जांभळ्या-गुलाबी धुरासारखे तेजोमेघ, किल्ल्याच्या बुरुजामागून उसळलेली आकाशगंगा, आणि खाली 'बघा निसर्गाची किमया!' फोटो सुंदर असतात, नाही म्हणत नाही. पण यात मृग कुठला आणि रोहिणी कुठली असं विचारलं तर पाठवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

माझं मत थोडं वेगळं आहे, ते सरळच मांडते. नक्षत्राचा फोटो साध्या वाइड अँगल लेन्सने काढावा, आपल्या स्वतःच्या अंगणातून किंवा गच्चीवरून काढावा, आणि त्यात खालची जमीन यावी. झाड, कौलं, विजेचा खांब, पाण्याची टाकी, जे असेल ते. तारे थोडे कमी आले तरी चालतील. जमीन मात्र हवी.

माझा भाचा यावर हसतो. त्यानेच २०१८ साली त्याचा जुना कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली साधी लेन्स मला दिली. "मावशी, लोक फोटोतून विजेचे खांब पुसून टाकतात आणि तू मुद्दाम घेतेस!" असं त्याचं म्हणणं. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. त्यामुळे कुणी हसलं की समजावून सांगायची खोड आहे. तर सांगते.

नक्षत्र म्हणजे काय, ते आधी

सप्तर्षी घ्या. आमच्या लहानपणी घरातली मोठी माणसं त्यांना बाज म्हणत. चार खूर आणि मागे तीन चोर. आता या सात ताऱ्यांपैकी मधले पाच खरोखरच एकमेकांचे सोबती आहेत. ते आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत आणि एकाच दिशेने चालले आहेत. पण टोकाचे दोघे, क्रतू आणि मरीची, त्यांच्यातले नाहीत. क्रतू सुमारे १२३ प्रकाशवर्षांवर, मरीची सुमारे १०४. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याजवळ जाऊन पाहिलं तर ही बाज मोडलेली दिसेल.

मृगाचं तर आणखी नवल. आपल्या जुन्या कथेत पळणारं हरीण आहे, त्याच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आहे आणि तो मारणारा व्याध मागे आहे. त्या हरणाच्या चार पायांपैकी एक म्हणजे राजन्य हा तारा. तो आपल्यापासून सुमारे ८६० प्रकाशवर्षे दूर. आणि व्याध? अवघा ८.६ प्रकाशवर्षे. म्हणजे शिकार शिकाऱ्याच्या शंभरपट लांब आहे! बाण कुठून सुटला आणि कुठे लागला, याचा आकाशात काही मेळच नाही. तो मेळ बसतो तो फक्त इथून, पृथ्वीवरून बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत.

ग्रीकांनी त्याच ताऱ्यांत शिकारी पाहिला, आपण हरीण पाहिलं. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने १९२२ साली ८८ तारकासमूहांची यादी नक्की केली आणि मग १९२८ साली त्यांच्या सीमा ठरवल्या, अगदी जमिनीच्या मोजणीत ठरवतात तशा. आपली नक्षत्रं २७. मोजायची पद्धत वेगळी, नावं वेगळी. पण सगळीकडे गोष्ट तीच. कुणीतरी जमिनीवर उभं राहून वर पाहिलं आणि एक ठिपका दुसऱ्या ठिपक्याला जोडला.

म्हणून मी म्हणते की जमीन हा नक्षत्राचाच भाग आहे. तेजोमेघाचा फोटो जमिनीशिवाय पुरा असतो, कारण तेजोमेघ तिथे खरोखर आहे. नक्षत्र 'तिथे' नाही. ते इथे आणि तिथे यांच्यामधलं नातं आहे. नात्याच्या फोटोत दोन्ही बाजू नकोत का?

दुर्बीण नको, वीत पुरे

दुर्बिणीतून नक्षत्र दिसत नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. दुर्बीण आकाशाचा एक लहानसा तुकडा मोठा करून दाखवते. पण नक्षत्र मुळातच मोठं असतं. हात सरळ पुढे धरून वीत पसरली की ती आकाशात साधारण वीस अंश व्यापते, आणि मूठ दहा अंश. मृग डोक्यापासून पायांपर्यंत जवळजवळ एक वीतभर आहे. चंद्र केवढा? अर्धा अंश! दुर्बिणीत चंद्र मावला की आपण खूश होतो. मृग कुठून मावणार?

माझ्या कॅमेऱ्याला १८ मिलिमीटरवर सुमारे ६६ अंश रुंद आणि ४७ अंश उंच आकाश दिसतं. म्हणजे तीन विती रुंद आणि सव्वादोन विती उंच. यात मृग, त्याच्या भोवतीची मोकळी जागा, आणि खाली आमचा माड आणि कौलांची कड, सगळं नीट बसतं. याहून रुंद लेन्स मिळतात, पण नक्षत्रासाठी त्या घेऊ नयेत असं मला वाटतं. फार रुंद लेन्समध्ये मृग आंगठ्याएवढा होतो, आणि कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात. रुंदी हवी ती नक्षत्र आणि जमीन एकत्र यावीत एवढीच.

पहिला फोटो पाहून पुष्कळजण हिरमुसतात. डोळ्यांना उगवता मृग केवढा थोरला दिसतो आणि फोटोत एवढासाच! यात कॅमेऱ्याचा दोष नाही. क्षितिजाजवळचा चंद्र आपल्याला मोठा वाटतो, तसाच तारकासमूहही वाटतो. फोटोत तो मनाने मोठा केलेला नसतो, एवढंच.

मोठमोठ्या वेधशाळांतही साध्या लेन्सने काम केलेलं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत १८८८ साली ३६ इंची दुर्बीण बसली. तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होती. पण तिथेच एडवर्ड इमर्सन बार्नर्ड याने १८८९ पासून आकाशगंगेचे जे नावाजलेले फोटो काढले, ते माणसांचे चेहरे टिपायला बनवलेल्या जुन्या पोर्ट्रेट लेन्सने. हा बार्नर्ड लहानपणी नॅशव्हिलच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होता. मृगाला वेढणारं वायूचं एक अंधूक कडं आहे, ते आज त्याच्या नावाने ओळखतात. ते इतकं पसरट आहे की मोठ्या दुर्बिणीत मावतच नाही. रुंद पाहिलं म्हणूनच सापडलं.

कृती

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात कृती देते. तिपाई (म्हणजे ट्रायपॉड) हवीच. फ्लॅश बंद, सगळं मॅन्युअलवर. आयएसओ १६००, अॅपर्चर लेन्सवर असेल तेवढं मोठं, माझ्या लेन्सवर ते ३.५ आहे. फोकससाठी नुसत्या 'अनंत'च्या खुणेवर विसंबू नका. व्याधासारखा ठळक तारा पडद्यावर मोठा करून बघा, रिंग हळूहळू फिरवा, तो बारीकात बारीक ठिपका झाला की थांबा, आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. फार वेळ उघडं ठेवलं तर ताऱ्याची रेघ होते. जुना ठोकताळा असा की ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं, आणि सेन्सर लहान असेल तर आधी त्या मिलिमीटरला दीडने गुणायचं. म्हणजे १८ गुणिले दीड सत्तावीस, आणि पाचशे भागिले सत्तावीस साधारण साडेअठरा सेकंद. मी पंधरावर थांबते. आमच्याकडे कोकणात रात्री दव पडतं, तेव्हा जुन्या सुती धोतराचा तुकडा खिशात ठेवते आणि दर दोन फोटोंनंतर लेन्स बघते.

झालं. याहून जास्त काही लागत नाही. आमच्या दापोली तालुक्यातल्या मुरूडचे शं. बा. दीक्षित (१८५३-१८९८) पेशाने शिक्षक होते. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा त्यांचा मोठा ग्रंथ विद्वानांना माहीत असतो. पण सामान्य वाचकांसाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिलं आणि त्याला दुसरं नाव दिलं 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. तेवढ्यात कॅमेरा लावून, चार फोटो काढून, दूध विरजून झोपताही येतं.

अॅप आहे की!

आता लोकांचे आक्षेप घेते. पहिला असा, की हल्ली फोन आकाशाकडे धरला की कुठला तारा कुठे आहे ते सगळं दिसतं, मग फोटोचा खटाटोप कशाला? ही अॅप चांगली आहेत, मी वापरते. पण एक लक्षात घ्या. फोन छताकडे धरला तरी त्यात मृग दिसतो. भर दुपारी दिसतो, ढगातून दिसतो, लग्नाच्या हॉलमध्ये झुंबराखालीही दिसतो. तिथे काय असायला हवं ते अॅप सांगतं. तुम्हाला तुमच्या अंगणातून काय दिसतं, ते सांगत नाही. ते फोटो सांगतो.

आणि आपली अडचण नेमकी हीच आहे. नक्षत्रांची नावं आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतात. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागला की पेरणीच्या गोष्टी सुरू होतात. पार हस्तापर्यंत पावसाचा हिशोब नक्षत्रांवर चालतो. पत्रिकेत नक्षत्र, महिन्यांच्या नावात नक्षत्र. पण वर्गात मी दर वर्षी विचारायचे, "मृग प्रत्यक्ष पाहिलाय कुणी?" तेव्हा एखाद-दुसरा हात वर व्हायचा. गंमत बघा, 'मृग लागला' असं आपण म्हणतो तेव्हा तो रात्री दिसतच नाही! सूर्य त्या भागात असतो, म्हणजे मृग दिवसा माथ्यावर. तो बघायचा हिवाळ्यात. मार्गशीर्षाची पौर्णिमा मृगशीर्षाजवळ असते म्हणून त्या महिन्याचं नाव मार्गशीर्ष. कृत्तिकांजवळ पौर्णिमा तो कार्तिक. ज्या लोकांनी ही नावं ठेवली त्यांनी वर पाहून ठेवली. आपण ती कॅलेंडरात वाचतो.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा. खांब आणि टाकी घेतली की फोटो बिघडतो म्हणतात. मग काहीजण आकाश एका जागचं आणि बुरूज दुसऱ्या जागचा असं जोडकाम करतात. तसं स्पष्ट लिहिलं असेल तर माझी तक्रार नाही, तेही एक चित्रच. पण ज्याला नक्षत्र शिकायचं आहे त्याला ते दाखवू नये. त्यात ताऱ्यांची इतकी गर्दी असते की आकृतीच हरवते. अगदी अंधाऱ्या जागीही साध्या डोळ्यांना एका वेळी दोन-अडीच हजारच तारे दिसतात. हजारो तारे खच्चून भरलेल्या फोटोत मृग शोधणं म्हणजे जत्रेत आपलं पोर शोधणं.

"मग फिल्टर लावणं ही पण लबाडीच की," असं भाच्याने मला एकदा ऐकवलं. मुद्दा रास्त आहे, म्हणून उत्तर देते. कॅमेऱ्यात ठळक तारा आणि अंधूक तारा जवळजवळ सारख्याच आकाराचे पांढरे ठिपके होतात. डोळ्यांना मात्र ठळक तारा थोरला वाटतो, रोहिणी तांबूस दिसते, राजन्य निळसर. लेन्सपुढे धुक्यासारखा सॉफ्ट फिल्टर लावला की ठळक ताऱ्यांचा ठिपका थोडा फुलतो, रंग दिसतो आणि नक्षत्राची आकृती उठून येते. अकिरा फुजी या जपानी छायाचित्रकाराचे नक्षत्रांचे फोटो याच युक्तीसाठी जगभर ओळखले जातात. फरक असा, की हा फिल्टर डोळ्यांना दिसतं त्याच्या जवळ नेतो. जोडकाम त्यापासून लांब नेतं. हल्ली फोटोत उपग्रहांच्या रेघाही येतात. मी त्या पुसत नाही. त्या रात्री तो उपग्रह तिथून गेला, तेही खरंच आहे.

पाठीवर पडलेलं हरीण

माझी पुतणी मेलबर्नला असते. तिने जानेवारी २०२३ मध्ये मागच्या अंगणातून मृगाचा फोटो काढून पाठवला. खाली लाकडी कुंपण, एका बाजूला निलगिरीचं झाड, वर मृग. पण उलटा! राजन्य वर, तांबूस काक्षी खाली, आणि व्याध त्याहून वर. सोबत लिहिलं होतं, "काकू, आमच्याकडे हरीण पाठीवर पडलंय."

दक्षिण गोलार्धात उभं राहून मृगाकडे बघायचं तर उत्तरेकडे तोंड करावं लागतं, म्हणून तो उलटा दिसतो. वर्गात पृथ्वीचा गोल घेऊन मी हे वर्षानुवर्षं सांगितलं, पण या एका फोटोत ते जितकं पटतं तितकं गोलाने पटत नाही. आता विचार करा. त्या फोटोत कुंपण आणि झाड नसतं तर? मी फोन उलटा धरला असता आणि तिचा मृग नि माझा मृग एकच झाला असता. तारे तेच आहेत. ती कुठे आहे, ते जमिनीने सांगितलं. परदेशी गेलेल्या मुलांचे घराचे, गाडीचे, बर्फाचे पुष्कळ फोटो येतात. पण ती आपल्यापासून किती लांब, पृथ्वीच्या कुठल्या उतारावर उभी आहे, हे मला त्या कुंपणावरच्या हरणामुळे कळलं.

खरी काळजी

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येते.

२०१८ पासून मी दर मार्गशीर्षात, अमावास्येच्या आसपास, अंगणातल्या तुळशीवृंदावनाजवळच्या एकाच फरशीवर तिपाई ठेवून, रात्री साडेआठच्या सुमाराला पूर्वेकडे मृगाचा फोटो काढते. तेच आयएसओ, तेच पंधरा सेकंद. पहिल्या तीन वर्षांच्या फोटोंत माडाच्या झावळ्यांमागे आकाश काळंभोर आहे. २०२१ साली आमच्या तिठ्यावर हायमास्ट दिवा आला. त्या वर्षीच्या फोटोत माडामागचं आकाश राखाडी आहे, खाली तर चक्क पांढुरकं.

फोटोत तारे अजून येतात. कॅमेरा पंधरा सेकंद टक लावून बघतो, त्याला ते सापडतात. डोळ्यांना सापडत नाहीत. ज्याच्यावरून या नक्षत्राला मृगशीर्ष म्हणतात ते हरणाचं डोकं म्हणजे तीन अंधूक तारे. काक्षीच्या थोडं वरच्या अंगाला, एकमेकांना चिकटून असलेले. ते अंगणातून दिसेनासे झाले. म्हटलं, वयाचाही भाग असेल. म्हणून अकरा वर्षांच्या नातवाला उभं केलं. त्यालाही अंगणातून दिसले नाहीत. मग त्याला घरामागे परसात नेलं, जिथे घराची सावली दिव्याला अडवते. पाच-दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू दिले. "आजी, दिसले! तीन आहेत," म्हणाला. तेच आकाश, तीच रात्र, मधे फक्त घर.

हे आमच्या तिठ्यापुरतं नाही. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदींचा अभ्यास २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यानुसार रात्रीचं आकाश सरासरी दर वर्षी सुमारे ९.६ टक्के जास्त उजळ होत गेलं. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. त्यातल्या बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या होत्या, पण दिवे आपल्याकडेही वाढतच आहेत. अभ्यासकांनी सोप्या शब्दांत असं सांगितलं होतं की जिथे आज २५० तारे दिसतात तिथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी साधारण १०० च दिसतील. आणि या नोंदी करायची रीत कोणती? मृगासारखा एखादा तारकासमूह निवडायचा आणि त्यातले किती तारे दिसतात ते नकाशाशी ताडून पाहायचं. म्हणजे माझ्या नातवाने परसात केलं तेच.

आपल्याकडे लडाखमधल्या हानले इथे २०२२ साली अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र जाहीर झालं. महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' हा मान मिळाला, भारतातला पहिला. फार चांगलं झालं. पण वाघासारखा अंधारही राखीव जंगलात जाऊन बघायची गोष्ट होऊ नये असं मला मनापासून वाटतं. मृग अंगणातून दिसायला हवा. गाडी करून, खोली घेऊन बघायचा असेल तर तो सहलीचा विषय झाला.

मी दिव्यांच्या विरुद्ध नाही, हे मुद्दाम लिहिते. संध्याकाळच्या क्लासहून मुली त्या तिठ्यावरून घरी येतात. पूर्वी तिथे काळोख असायचा, साप निघायचे. उजेड हवाच. पण तो रस्त्यावर पडावा. वर गेलेल्या उजेडाचा ना मुलींना उपयोग, ना सापांना धाक. दिव्याला वरून झाकण आणि तोंड खाली, एवढंच मागणं आहे. त्यात वीजही वाया जात नाही.

२०२२ साली मी तसा रीतसर अर्ज दिला, सोबत दोन वर्षांचे दोन फोटो जोडले. उत्तर तोंडी मिळालं, "बघू." दिवा अजून तसाच आहे. पण तेच फोटो घेऊन मी आळीतल्या तीन घरी गेले. फोटोत माड आहे, कौलं आहेत, शेजारच्यांचं फाटकही आहे, आणि त्या फाटकावरचा गोल दिवा आकाशात कसा फाकतो तेही आहे. सांगावं लागलंच नाही. "अगो बाई, हा आमचाच दिवा की!" असं त्या स्वतःच म्हणाल्या. तिघींनी दिव्यांना पत्र्याच्या टोप्या बसवल्या. एकीने तर तेलाचा डबा कापून केली. २०२४ च्या फोटोत डावीकडची पांढुरकी कड कमी झाली आहे. थोडीच, पण फोटो शेजारी शेजारी ठेवले की कळते.

नुसत्या ताऱ्यांचा सुंदर फोटो दाखवला असता तर त्या "छान आहे" म्हणाल्या असत्या आणि चहा टाकला असता. जमीन होती म्हणून दिवा कुणाचा ते दिसलं.

वर्षानुवर्षं एकाच जागेवरून फोटो काढण्याचा आणखी एक उपयोग. २०१९ च्या अखेरीस काक्षी मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत एवढा उतरला की नेहमी ज्याच्यापुढे उठून दिसायचा त्या शेजारच्या पायाच्या ताऱ्याइतकाच झाला. ताऱ्यातून बाहेर पडलेल्या धुळीने तो झाकोळला, असं पुढे २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं. माझ्याकडे आधीचा, तेव्हाचा आणि नंतरचा असे तिन्ही फोटो आहेत. साध्या लेन्सने अंगणातून काढलेले. आकाश बदलत नाही असं आपण समजतो. वरचंही बदलतं आणि खालचंही. दोन्ही एका फोटोत असलं की काय कुठे बदललं ते सांगता येतं.

असो. लेख लांबला. शिक्षिकेची सवय, तास संपताना गृहपाठ दिल्याशिवाय राहवत नाही. येत्या मार्गशीर्षात अमावास्येच्या आसपास, रात्री साडेआठ-नऊला, आपापल्या घरून पूर्वेकडे मृगाचा एक फोटो काढा. नागपूर, ठाणे, बंगळूर, मेलबर्न, जिथे असाल तिथून, वेळ तिथल्या अंधाराप्रमाणे बघा. चांगला कॅमेरा नसेल तर हल्लीच्या पुष्कळ फोनवर रात्रीचा फोटो काढायची सोय असते, फोन विटेला टेकवून ठेवा. खाली तारीख, वेळ, गाव लिहा. आणि त्याआधी पाच मिनिटं नुसत्या डोळ्यांनी बघून हरणाचं डोकं दिसलं की नाही, तेही लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागेवरून.

खांब आला तर येऊ द्या.